होनस वॅग्नर

योहान्नेस पीटर वॅग्नर ऊर्फ होनस वॅग्नर (जन्म : २४ फेब्रुवारी १८७४, चार्टियर्स, पेनसिल्व्हेनिया, मृत्यू : ६ डिसेंबर १९५५, कार्नेगी, पेनसिल्व्हेनिया) हे अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलपटू होते. १८९७ ते १९१७ या काळात ते नॅशनल लीगमध्ये एकूण २१ हंगाम खेळले. त्यांपैकी पहिले तीन हंगाम ते लुइव्हिल कर्नल्स या संघात होते आणि पुढील अठरा हंगाम पिट्सबर्ग पायरेट्स या संघात. त्यांनी आठ वेळा लीगमधील सर्वोच्च फलंदाजी सरासरीचा मान मिळवला आणि पाच वेळा सर्वाधिक बेस चोरणारे खेळाडू म्हणून ते अग्रस्थानी राहिले. शॉर्टस्टॉप या क्षेत्ररक्षणाच्या जागी खेळलेल्या खेळाडूंमध्ये त्यांना आजही बहुतेक अभ्यासक सर्वश्रेष्ठ मानतात. १९३६ साली बेसबॉलच्या राष्ट्रीय कीर्तिमंदिरासाठी निवडल्या गेलेल्या पहिल्या पाच खेळाडूंमध्ये त्यांचा समावेश होता.

वेगवान धाव आणि जर्मन वंश यांमुळे त्यांना 'द फ्लाइंग डचमन' हे टोपणनाव मिळाले. त्या काळी अमेरिकेत जर्मन वंशाच्या लोकांना सर्रास 'डच' म्हटले जात असे. याच नावाचा प्रसिद्ध ऑपेरा रचणारे जर्मन संगीतकार रिचर्ड वॅग्नर यांच्याशी असलेले आडनावाचे साम्यही या टोपणनावाच्या प्रसाराला कारणीभूत ठरले.

बालपण

वॅग्नर यांचे आईवडील, पीटर आणि कॅथरिन, हे जर्मनीतून अमेरिकेत स्थलांतरित झाले होते. पिट्सबर्ग शहराच्या नैर्ऋत्येस असलेल्या चार्टियर्स या खाणकामगारांच्या वस्तीत हे कुटुंब स्थायिक झाले. १८९४ साली चार्टियर्स आणि शेजारचे मॅन्सफील्ड ही दोन गावे एकत्र करण्यात आली आणि नव्या गावाला पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांचे नाव देण्यात आले. वॅग्नर यांचे जन्मस्थान म्हणून आज कार्नेगी या गावाचा उल्लेख केला जातो तो या कारणाने.

नऊ भावंडांच्या या कुटुंबाची मिळकत कोळशाच्या खाणीवर अवलंबून होती. वॅग्नर यांनी वयाच्या बाराव्या वर्षी शाळा सोडली आणि ते वडील व भावांसोबत खाणीत काम करू लागले. घरात आई त्यांना योहान्नेस या नावाचे लघुरूप म्हणून 'हान्स' अशी हाक मारीत असे. त्याचेच पुढे 'होनस' झाले. कामाच्या वेळेबाहेर हे भाऊ मोकळ्या पटांगणांवर बेसबॉल खेळत. थोरले बंधू अल्बर्ट हे त्यांच्यातील सर्वांत गुणी खेळाडू समजले जात. मधल्या काळात वॅग्नर यांनी न्हाव्याच्या धंद्याचेही शिक्षण घेतले होते. खेळात जम बसला नसता तर कार्नेगीत केशकर्तनालय चालवण्याचा पर्याय त्यांच्यासमोर होता.

व्यावसायिक खेळाची सुरुवात

१८९५ साली ओहायो राज्यातील स्टुबेनव्हिल येथील संघाला खेळाडूंची गरज होती. त्या संघात असलेल्या अल्बर्ट यांनी धाकट्या भावाचे नाव सुचवले आणि वॅग्नर यांचा व्यावसायिक बेसबॉलमध्ये प्रवेश झाला. छोट्या लीगमधील संघ त्या काळी आर्थिकदृष्ट्या डळमळीत असत. अनेक संघ हंगामाच्या मध्येच बंद पडत. पहिल्याच वर्षी वॅग्नर यांना तीन वेगवेगळ्या लीगमध्ये मिळून पाच संघांकडून खेळावे लागले. या धावपळीत ते क्षेत्ररक्षणाच्या जवळजवळ प्रत्येक जागी उभे राहिले आणि हाच अनुभव त्यांना पुढे उपयोगी पडला.

पुढील वर्षी संघव्यवस्थापक एड बॅरो यांनी त्यांना न्यू जर्सीतील पॅटर्सन संघासाठी करारबद्ध केले. रेल्वेच्या आवारात कोळशाचे तुकडे लांबवर भिरकावणाऱ्या तरुणाला पाहून बॅरो यांनी त्याची निवड केली, अशी एक आख्यायिका बेसबॉलच्या इतिहासात प्रचलित आहे. बॅरो हे पुढे न्यूयॉर्क यँकीज या संघाचे यशस्वी प्रशासक झाले. पॅटर्सनकडून खेळताना १८९७ च्या हंगामात वॅग्नर यांची सरासरी ०.३७५ पर्यंत पोहोचली. बेसबॉलमध्ये फलंदाजी सरासरी म्हणजे अधिकृत फलंदाजीच्या संधींशी यशस्वी फटक्यांचे असलेले प्रमाण होय. तीनपैकी एका संधीत यश मिळवणारा फलंदाज उत्कृष्ट गणला जातो, हे लक्षात घेतल्यास या आकड्याचे महत्त्व कळते.

लुइव्हिल कर्नल्स

१८९७ च्या हंगामाच्या मध्यास नॅशनल लीगमधील लुइव्हिल कर्नल्स संघाने वॅग्नर यांना पॅटर्सनकडून विकत घेतले. १९ जुलै १८९७ रोजी त्यांनी या सर्वोच्च स्तरावर पदार्पण केले. रुंद छाती, बाहेरच्या बाजूस वाकलेले पाय, लांब हात आणि असाधारण मोठे पंजे असा त्यांचा बांधा होता. प्रथमदर्शनी ते खेळाडू वाटत नसत. पण धावू लागले की पाहणाऱ्यांचा हा समज दूर होई. पदार्पणाच्या हंगामातील ६१ सामन्यांत त्यांनी ०.३३० हून अधिक सरासरीने फलंदाजी केली. लुइव्हिलमध्ये त्यांना कधी पहिल्या बेसवर, कधी तिसऱ्या बेसवर, तर कधी बाह्यक्षेत्रात उभे केले जात असे.

संघाचे मालक बार्नी ड्रायफस हेही जर्मनीतून आलेले स्थलांतरित होते. त्यांच्याशी वॅग्नर यांचे संबंध अखेरपर्यंत जिव्हाळ्याचे राहिले. १८९९ च्या हंगामानंतर नॅशनल लीगने आर्थिक कारणांसाठी संघांची संख्या बारावरून आठवर आणली आणि त्यात लुइव्हिलचा संघ संपुष्टात आला. ड्रायफस यांनी पिट्सबर्ग संघाची निम्मी मालकी मिळवली आणि आपले उत्तम खेळाडू तिकडे नेले. वॅग्नर यांच्यासोबत फ्रेड क्लार्क, डीकन फिलिप, टॉमी लीच आणि क्लॉड रिची हेही पिट्सबर्गला आले. अशा रीतीने वॅग्नर यांना आपल्या जन्मगावापासून काही मैलांवरच्या संघात खेळण्याची संधी लाभली.

पिट्सबर्ग पायरेट्स

पिट्सबर्गमधील पहिल्याच हंगामात, म्हणजे १९०० साली, वॅग्नर यांनी ०.३८१ ही त्यांच्या कारकिर्दीतील सर्वोच्च सरासरी नोंदवली आणि पहिल्यांदा फलंदाजीचा अग्रमान मिळवला. त्याच वर्षी सर्वाधिक डबल आणि सर्वाधिक ट्रिपल हे मानही त्यांच्याकडे गेले. फलंदाज फटक्यावर थेट दुसऱ्या बेसपर्यंत पोहोचला तर त्यास डबल व तिसऱ्या बेसपर्यंत पोहोचला तर ट्रिपल म्हणतात.

१९०१ साली अमेरिकन लीग ही प्रतिस्पर्धी संघटना उभी राहिली. नव्या लीगमधील संघांनी जास्त पगाराचे आमिष दाखवून नॅशनल लीगचे अनेक नामवंत खेळाडू पळवले. वॅग्नर यांनाही शिकागोच्या संघाकडून त्यांच्या तत्कालीन वेतनाच्या कितीतरी पट रकमेचा प्रस्ताव आल्याचे सांगितले जाते. त्यांनी तो नाकारला आणि ते पिट्सबर्गमध्येच राहिले. पायरेट्सने आपले बहुतेक प्रमुख खेळाडू टिकवून ठेवले आणि १९०१, १९०२ व १९०३ अशी सलग तीन वर्षे नॅशनल लीगचे विजेतेपद जिंकले. १९०२ साली या संघाने १०३ सामने जिंकले आणि केवळ ३६ गमावले.

शॉर्टस्टॉपची जागा

दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या पट्ट्यात उभ्या राहणाऱ्या क्षेत्ररक्षकास शॉर्टस्टॉप म्हणतात. बहुसंख्य फलंदाज उजव्या हाताचे असल्याने जमिनीलगत येणारे सर्वाधिक चेंडू याच भागात येतात. चेंडू अडवून तो काही क्षणांत दूरच्या पहिल्या बेसकडे अचूक फेकावा लागतो. त्यामुळे चपळाई, भक्कम हात आणि फेकीची ताकद हे तिन्ही गुण या खेळाडूकडे असणे आवश्यक असते. परंपरेने या जागी हलक्या अंगाचे, फलंदाजीत बेताचे खेळाडू नेमले जात.

सुमारे ९० किलो वजनाचे वॅग्नर या जागेसाठी योग्य ठरतील असे सुरुवातीस कोणास वाटले नव्हते, आणि स्वतः वॅग्नरही त्यासाठी उत्सुक नव्हते. १९०१ मध्ये गरज पडल्यामुळे संघनायक व व्यवस्थापक फ्रेड क्लार्क यांनी त्यांना तेथे उभे केले. १९०३ पासून ते पायरेट्सचे कायमचे शॉर्टस्टॉप झाले. तेव्हा ते २९ वर्षांचे होते. म्हणजेच ज्या जागेमुळे त्यांची कीर्ती झाली ती त्यांना सर्वोच्च स्तरावर सहा हंगाम खेळल्यानंतर मिळाली.

त्या काळातील हातमोजे लहान आणि पातळ असत. वॅग्नर आपल्या मोज्याच्या तळव्याचा भाग कापून टाकीत, जेणेकरून चेंडू उघड्या हातात बसेल. चेंडू उचलताना त्यांच्या विस्तीर्ण पंजात माती आणि खडेही येत व ते सारे चेंडूसोबत पहिल्या बेसच्या दिशेने उडत जाई, असे वर्णन अनेक समकालीन खेळाडूंनी केले आहे.

१९०३ ची जागतिक मालिका

१९०३ साली दोन्ही लीगमध्ये समझोता झाला आणि त्यांच्या विजेत्या संघांमध्ये पहिली आधुनिक जागतिक मालिका खेळवली गेली. नऊ सामन्यांच्या या मालिकेत पायरेट्सची गाठ बोस्टन अमेरिकन्स संघाशी पडली. पिट्सबर्गचे दोन प्रमुख पिचर उपलब्ध नव्हते: सॅम लीव्हर यांचा खांदा दुखावला होता आणि एड डोहेनी मानसिक आजारामुळे संघ सोडून गेले होते. परिणामी डीकन फिलिप यांना एकट्याला पाच सामन्यांची सुरुवात करावी लागली. पायरेट्सने ३–१ अशी आघाडी घेतली. मात्र त्यानंतरचे सलग चार सामने गमावून त्यांनी मालिका ५–३ अशी हरली.

वॅग्नर यांच्यासाठी ही मालिका अत्यंत निराशाजनक ठरली. हंगामात ०.३५५ सरासरीने लीगमध्ये अव्वल राहिलेल्या वॅग्नर यांची मालिकेतील सरासरी ०.२२२ इतकीच होती. क्षेत्ररक्षणात त्यांच्याकडून सहा चुका झाल्या. शेवटच्या सामन्यातील अखेरचा बळीही तेच ठरले; बोस्टनचे पिचर बिल डिनीन यांनी त्यांना स्ट्राइकआउट केले. पायाच्या दुखापतींनी ते त्रस्त होते, पण त्यांनी ती सबब पुढे केली नाही. अपयशाची बोच इतकी तीव्र होती की फलंदाजीतील विजेत्यांच्या संग्रहासाठी मागवलेले स्वतःचे छायाचित्र पाठवण्यासही त्यांनी नकार दिला. मोठ्या सामन्यांत ते कच खातात, अशी टीका त्यानंतर वृत्तपत्रांतून होत राहिली. ती खोडून काढण्याची संधी त्यांना सहा वर्षांनी मिळाली.

या मालिकेची एक वेगळी आठवण म्हणजे ड्रायफस यांनी उत्पन्नातील आपला वाटा खेळाडूंना देऊन टाकला. त्यामुळे पराभूत पायरेट्सच्या प्रत्येक खेळाडूस विजेत्या बोस्टनच्या खेळाडूंहून अधिक रक्कम मिळाली.

१९०४ ते १९०८

पुढील पाच हंगामांत वॅग्नर यांनी चार वेळा फलंदाजीचा अग्रमान मिळवला. अपवाद होता तो १९०५ चा. त्या वर्षी ०.३६३ सरासरी असूनही सिनसिनॅटीचे साय सिमोर त्यांच्या पुढे गेले. हा काळ बेसबॉलच्या इतिहासात 'डेड बॉल' युग म्हणून ओळखला जातो. चेंडू मऊ पडेपर्यंत आणि काळवंडेपर्यंत वापरला जाई, पिचरांना त्यावर थुंकी लावण्याची मुभा होती आणि होम रन क्वचितच निघत. अशा परिस्थितीत एकेका बेससाठी झगडावे लागे. म्हणूनच वॅग्नर यांची बेस चोरण्याची हातोटी, म्हणजे पिचर चेंडू फेकत असताना पुढच्या बेसकडे धाव घेण्याचे कौशल्य, संघास फार मोलाची ठरली.

१ सप्टेंबर १९०५ रोजी वॅग्नर यांनी लुइव्हिलमधील हिलरिच कंपनीशी करार केला आणि आपली स्वाक्षरी बॅटवर कोरण्याची परवानगी दिली. खेळाडूच्या नावाने क्रीडासाहित्य विकण्याची प्रथा रुजवणाऱ्या सुरुवातीच्या करारांमध्ये याची गणना होते. हीच कंपनी पुढे लुइव्हिल स्लगर या बॅटसाठी जगप्रसिद्ध झाली.

१९०८ च्या हंगामापूर्वी वॅग्नर यांनी निवृत्तीचा मनोदय जाहीर केला. शरीर थकले असल्याचे कारण त्यांनी दिले. ड्रायफस यांनी त्यांचे मन वळवले आणि वार्षिक १०,००० डॉलरचा करार केला. त्यापूर्वी त्यांना याच्या निम्मे वेतन मिळत असे. त्यानंतरचा हंगाम बेसबॉलच्या इतिहासातील सर्वोत्तम वैयक्तिक हंगामांपैकी एक गणला जातो. लीगमधील एकूण फलंदाजी अतिशय खालावलेली असताना वॅग्नर यांनी ०.३५४ सरासरी, १०९ धावांना हातभार आणि ५३ बेसचोऱ्या अशी कामगिरी केली. होम रनमध्ये ते ब्रुकलिनच्या टिम जॉर्डन यांच्यापेक्षा केवळ दोनने मागे राहिले. अन्यथा सरासरी, धावांना हातभार आणि होम रन या तिन्हींत प्रथम येण्याचा तिहेरी मान त्यांना मिळाला असता. पायरेट्सचे विजेतेपद मात्र अवघ्या एका सामन्याच्या फरकाने हुकले.

१९०९ चे विजेतेपद

३० जून १९०९ रोजी पिट्सबर्गमध्ये पोलाद आणि काँक्रीटने बांधलेले फोर्ब्ज फील्ड हे नवे क्रीडांगण खुले झाले. ॲलेघनी नदीकाठचे जुने एक्स्पोझिशन पार्क पुरात बुडत असे, त्यामुळे संघाला नव्या जागेची गरज होती. त्या हंगामात पायरेट्सने ११० सामने जिंकले. जागतिक मालिकेत त्यांच्यासमोर डेट्रॉइट टायगर्स हा संघ होता. टायगर्सचे टाय कॉब हे तेव्हा २२ वर्षांचे होते व अमेरिकन लीगमधील सर्वोत्तम फलंदाज होते. दोन लीगच्या दोन श्रेष्ठ फलंदाजांमधील स्पर्धा म्हणून या मालिकेकडे पाहिले गेले.

मालिका सात सामन्यांपर्यंत रंगली. ३५ वर्षांच्या वॅग्नर यांनी ०.३३३ सरासरीने फलंदाजी केली आणि सहा बेस चोरले. हा विक्रम १९६७ पर्यंत अबाधित राहिला. कॉब यांची सरासरी ०.२३१ होती आणि त्यांना दोनच बेस चोरता आले. नवोदित पिचर बेब ॲडम्स यांनी तीन सामने जिंकून दिले. निर्णायक सातवा सामना पायरेट्सने डेट्रॉइटमध्ये ८–० असा जिंकला. कॉब यांनी मैदानावर वॅग्नर यांना धमकावले आणि वॅग्नर यांनी चेंडू त्यांच्या तोंडावर आदळून उत्तर दिले, ही कथा पुढे फार लोकप्रिय झाली. परंतु समकालीन सामनावृत्तांतांचा आधार तिला मिळत नाही. १९०३ चा कलंक पुसण्यासाठी वॅग्नर यांना अशा कथेची गरजही नव्हती. त्यानंतर मोठ्या सामन्यांतील त्यांच्या खेळाबद्दल शंका घेतली गेली नाही. पायरेट्सचे हे पहिलेच जागतिक विजेतेपद होते आणि वॅग्नर यांच्या वाट्यास आलेले एकमेव.

सिगारेटचे कार्ड

१९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटांत बेसबॉलपटूंची रंगीत चित्रे असलेली छोटी कार्डे घातली. ही मालिका संग्राहकांच्या सूचीत टी-२०६ या क्रमांकाने ओळखली जाते. वॅग्नर यांच्या कार्डाचे वितरण सुरुवातीलाच थांबवण्यात आले. इतर अनेक खेळाडूंची कार्डे प्रचंड संख्येने निघाली असताना वॅग्नर यांची ५० ते २०० कार्डेच लोकांपर्यंत पोहोचली असावीत, असा अंदाज आहे.

वितरण का थांबले, याविषयी दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार, कार्डाच्या लोभाने लहान मुलांनी सिगारेट विकत घ्याव्यात हे वॅग्नर यांना मान्य नव्हते. दुसऱ्या मतानुसार, आपल्या चित्राचा पुरेसा मोबदला न मिळाल्याने त्यांनी परवानगी नाकारली. स्वतः वॅग्नर तंबाखू चघळत असत आणि लुइव्हिलमध्ये असताना त्यांचे चित्र सिगारच्या जाहिरातीसाठी वापरले गेले होते, याकडे दुसरे मत मांडणारे लक्ष वेधतात. पहिल्या मताचे समर्थक मात्र मुलांबद्दलची त्यांची आस्था आणि पैशाबाबतची आयुष्यभराची अनासक्ती पुढे करतात.

या दुर्मिळतेमुळे हे कार्ड जगातील सर्वांत मौल्यवान क्रीडाकार्डांपैकी एक ठरले. १९९१ साली आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्की आणि त्यांचे भागीदार ब्रूस मॅकनॉल यांनी एक प्रत ४,५१,००० डॉलरना घेतली. तीच प्रत २००७ साली २८ लाख डॉलरना विकली गेली. या प्रतीच्या कडा कापून तिला नीटस रूप देण्यात आले होते, हे २०१३ साली संबंधित लिलावदाराने न्यायालयात कबूल केले. २०२२ साली दुसऱ्या एका प्रतीस ७२.५ लाख डॉलर एवढी किंमत मिळाली. ज्या खेळाडूने कारकिर्दीत कधी वर्षाला १०,००० डॉलरच्या वर वेतनासाठी आग्रह धरला नाही, त्याचे नाव आज अनेकांना या किमतींमुळेच परिचित आहे.

कारकिर्दीचा उत्तरार्ध

१९११ साली ३७ व्या वर्षी वॅग्नर यांनी आठव्यांदा व शेवटच्या वेळी फलंदाजीचा अग्रमान मिळवला. १८९९ ते १९१३ अशी सलग पंधरा वर्षे त्यांची सरासरी ०.३०० च्या खाली गेली नाही. ९ जून १९१४ रोजी फिलाडेल्फिया येथे त्यांनी आपला ३,००० वा यशस्वी फटका मारला. त्यांच्यापूर्वी हा टप्पा केवळ कॅप ॲन्सन यांनी गाठला होता.

३१ डिसेंबर १९१६ रोजी त्यांनी बेसी बेन स्मिथ यांच्याशी विवाह केला. १९१७ च्या हंगामात संघ तळाशी गेला असताना त्यांच्याकडे व्यवस्थापकपद सोपवण्यात आले. पाच सामन्यांत एक विजय आणि चार पराभव झाल्यावर हे काम आपल्या स्वभावाशी जुळणारे नाही, असे ठरवून त्यांनी ते सोडले. त्याच हंगामाअखेर, वयाच्या ४३ व्या वर्षी, ते खेळाडू म्हणून निवृत्त झाले.

निवृत्तीनंतरचे जीवन

निवृत्तीनंतर वॅग्नर कार्नेगीतच राहिले. त्यांनी कार्नेगी तंत्रशिक्षण संस्थेत विद्यार्थ्यांना बेसबॉल व बास्केटबॉलचे प्रशिक्षण दिले. १९२५ साली त्यांनी ॲलेघनी परगण्याच्या शेरीफपदाची निवडणूक लढवली. त्यात त्यांचा पराभव झाला. पायरेट्सचे तिसऱ्या बेसवरील नामवंत खेळाडू पाय ट्रेनर यांच्या भागीदारीत त्यांनी पिट्सबर्गमध्ये खेळसाहित्याचे दुकान काढले. व्यवहारात त्यांना फारसे यश आले नाही. १९३० च्या सुमारास आर्थिक महामंदीची झळ इतरांप्रमाणे त्यांनाही बसली.

ड्रायफस यांचे १९३२ साली निधन झाले. त्यांचे जावई बिल बेन्सवँगर यांच्याकडे संघाची सूत्रे आली आणि १९३३ साली त्यांनी वॅग्नर यांना प्रशिक्षक म्हणून परत बोलावले. सोळा वर्षांनी ते पुन्हा पायरेट्सच्या गणवेशात दिसले आणि १९५० च्या दशकाच्या आरंभापर्यंत त्यांनी हे काम केले. संघाचे तरुण शॉर्टस्टॉप आर्की व्हॉन हे त्यांच्या मार्गदर्शनाचे सर्वांत ठळक उदाहरण होय. १९३५ साली व्हॉन यांनी ०.३८५ सरासरी नोंदवून लीगचा फलंदाजी मान मिळवला आणि वॅग्नर यांचा १९०० सालचा ०.३८१ हा संघविक्रम मोडला.

वॅग्नर आणि जॉन हेन्री लॉइड

वॅग्नर यांच्या संपूर्ण कारकिर्दीत दोन्ही प्रमुख लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश नव्हता. हा अलिखित निर्बंध १९४७ साली जॅकी रॉबिन्सन यांच्या पदार्पणापर्यंत टिकला. त्यामुळे त्या काळातील विक्रमांचे मूल्यमापन करताना ही मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र संघांत खेळणारे शॉर्टस्टॉप जॉन हेन्री लॉइड हे वॅग्नर यांचे समकालीन होते. त्यांना 'कृष्णवर्णीय वॅग्नर' असे संबोधले जाई. लॉइड यांचा खेळ पाहिल्यानंतर, अशा खेळाडूशी आपली तुलना होणे हा आपला बहुमान असल्याचा अभिप्राय वॅग्नर यांनी दिल्याची नोंद आहे. लॉइड यांना प्रमुख लीगमध्ये एकही सामना खेळता आला नाही. त्यांची निवड कीर्तिमंदिरात झाली ती १९७७ साली, म्हणजे वॅग्नर यांच्या निवडीनंतर ४१ वर्षांनी आणि लॉइड यांच्या मृत्यूनंतर.

सन्मान

१९३६ साली कीर्तिमंदिरासाठी झालेल्या पहिल्या मतदानात २२६ मतपत्रिका आल्या. टाय कॉब यांना २२२ मते मिळाली. बेब रूथ आणि वॅग्नर यांना प्रत्येकी २१५. क्रिस्टी मॅथ्यूसन आणि वॉल्टर जॉन्सन हे अन्य दोघे निवडले गेले. १२ जून १९३९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन येथे कीर्तिमंदिराची वास्तू खुली झाली. त्या समारंभास वॅग्नर उपस्थित होते.

खेळाडू म्हणून त्यांच्या पाठीवर कधीच क्रमांक नव्हता, कारण तेव्हा तशी पद्धत नव्हती. प्रशिक्षक असताना त्यांनी वापरलेला ३३ हा क्रमांक पायरेट्सने त्यांच्या सन्मानार्थ कायमचा राखून ठेवला आहे. शिल्पकार फ्रँक व्हिटर यांनी घडवलेल्या त्यांच्या ब्राँझ पुतळ्याचे अनावरण ३० एप्रिल १९५५ रोजी फोर्ब्ज फील्डनजीक झाले. संघाने क्रीडांगण बदलले तसा पुतळाही हलवण्यात आला. सध्या तो पीएनसी पार्कच्या बाहेर उभा आहे. १९९९ साली निवडलेल्या शतकातील सर्वोत्तम संघात तज्ज्ञ समितीने त्यांचा समावेश केला. २००० साली अमेरिकेच्या टपाल खात्याने बेसबॉलमधील थोर खेळाडूंवर काढलेल्या तिकिटांत त्यांचेही तिकीट होते.

आकडेवारी

जुन्या सामन्यांच्या फेरतपासणीमुळे वॅग्नर यांच्या आकड्यांत निरनिराळ्या नोंदींमध्ये किंचित फरक आढळतो. साधारणपणे स्वीकारले गेलेले आकडे पुढीलप्रमाणे आहेत :

यशस्वी फटके : ३,४२०
फलंदाजी सरासरी : ०.३२८
ट्रिपल : २५२
होम रन : १०१
बेसचोऱ्या : ७२३
फलंदाजीतील अग्रमान : ८ (१९००, १९०३, १९०४, १९०६, १९०७, १९०८, १९०९, १९११)
बेसचोरीतील अग्रस्थान : ५ (१९०१, १९०२, १९०४, १९०७, १९०८)

नॅशनल लीगमधील सर्वाधिक यशस्वी फटक्यांचा त्यांचा विक्रम १९६२ साली सेंट लुईसच्या स्टॅन म्युझियल यांनी मोडला. आठ अग्रमानांच्या त्यांच्या विक्रमाशी सॅन दिएगोचे टोनी ग्विन यांनी १९९७ साली बरोबरी केली. नॅशनल लीगमध्ये अद्याप कोणी तो ओलांडलेला नाही.

मृत्यू

पुतळ्याच्या अनावरणास वॅग्नर उपस्थित राहिले तेव्हा त्यांची प्रकृती बरीच खालावली होती. त्यानंतर सुमारे सात महिन्यांनी, ६ डिसेंबर १९५५ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी कार्नेगी येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. पिट्सबर्गच्या दक्षिणेकडील जेफरसन मेमोरियल दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.